सुगीत टिकली तर खरी

माघ सरत आला की आमच्या धाराशिवच्या बाजारात हुरड्याच्या पेंढ्या येतात. काल मी एक घेतली. विकणारी म्हणाली, "घ्या आजी, गूळभेंडी हाय, दाताला तरास न्हाय." मला आजी म्हटलेलं अजिबात आवडत नाही, पण पेंढी घेतली. घरी येऊन एक कणीस गॅसवर भाजलं, गरम गरमच तळहातावर चोळलं, फुंकर मारून कुसं उडवली. हिरवे, मऊ दाणे जिभेवर आले आणि झालं, माझी दुपार गेली. भांडी तशीच पडली, दूध उतू गेलं, आणि मी खिडकीत बसून एकटीच हसत होते.

बहात्तरच्या दुष्काळाचं मला लोक फार विचारतात. कॉलेजातली पोरं येतात, समोर यंत्र ठेवतात आणि म्हणतात, "मावशी, दुष्काळाचं सांगा." मी सांगते. उन्हात तापलेली खडी, हातोड्यानं सोललेले तळवे, टँकरमागं धावणाऱ्या बायका, कामावर वाटायच्या सुकडीचा तो गोडमिट्ट वास, परदेशातनं आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या तुटणाऱ्या भाकरी. पोरं हळहळतात. पण दुष्काळ संपल्यावर जी पहिली सुगी आली, तिचं कुणी म्हणून विचारत नाही. दुःख सांगितलं की लोक कान देतात, आनंद सांगायला लागलं की घड्याळ बघतात. असो. मी आज सुगीचंच सांगणार आहे, आणि ज्याला घड्याळ बघायचं त्यानं खुशाल बघावं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माहेर कळंबचं. एका संस्थेची कार्यकर्ती म्हणून कळंबपासून बरंच आत असलेल्या एका खेड्यात राहत होते. सकाळी बालवाडी, दुपारी बायकांची बैठक, आणि मुख्य काम दारूबंदीचं. दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर पगाराच्या दिवशी हातभट्टीवाले येऊन बसायचे. बाया मजुरी घेऊन घरी आणि पुरुष तिथंच आडवे. त्या कामावर बायकांची मुकादम होती गयाबाई. चाळिशीची, काटक, बौद्धवाड्यातली, आवाज असा की तलावाच्या एका काठावरनं हाक मारली तर दुसऱ्या काठावरचा बैल मान वर करायचा. तिनं आणि तिच्या टोळीनं एके दुपारी ओढ्यातली भट्टीची मडकी हातोड्यांनी फोडली. मी होते सोबत. पण खरं सांगते, मी फक्त घोषणा दिल्या.

त्यानंतर दोन वर्षं गाव कोरडं राहिलं. पाहुणे यायचे बघायला. मी त्यांना सगळं फिरवून दाखवायची, जणू मीच ते गाव घडवलं. एकदा अशाच पाहुण्यांसमोर माझं भाषण रंगात आलेलं, तेव्हा मागून गयाबाई म्हणाली, "बाई, घरात दाणाच न्हाय तवा दारू बंद झाली, ह्यात कसली मर्दुमकी? सुगीत टिकली तर खरी."

पाहुणे हसले. मला तो शब्द लागला. तो लागायलाच हवा होता.

कारण आमच्याकडं सुगीतली दारू वेगळी असते. तिला पैसा लागत नाही. खळ्यावर मळणी चालू असते, कणसांवरनं बैल फिरत असतात, आणि बापय माणूस रात्रंदिवस तिथंच. विकणारा खळ्यावरच येतो. बाटली देतो आणि टोपलीभर ज्वारी घेऊन जातो. घरच्या बाईला कळतं ते थेट रास मोजायच्या वेळी, तेव्हा ती रास बसलेली असते आणि नवराही. आमच्या भागात येणारा विकणारा सायकलीवरनं यायचा. त्याचं नाव घेत नाही, नातवंडं शिकलीत त्याची. आम्ही त्याला सायकलवालाच म्हणायचो. ट्रकच्या ट्यूबमध्ये दारू भरून ती कॅरिअरला बांधायची, वरनं कडब्याची पेंढी टाकायची, की झाला हा सोज्वळ शेतकरी.

दुष्काळ सरला. पाऊस बरा झाला, रब्बीची पेर झाली, आणि मग ती थंडी पडली. ज्वारीला थंडी मानवते. मालदांडी माणसाच्या डोक्यावर गेली. पहाटे रानात गेलं की पानांवरचं दव खांद्यावर गळायचं आणि पदर भिजायचा. दोन वर्षं उघडं पडलेलं रान असं भरलेलं बघून बाया उगाच बांधावर जाऊन उभ्या राहायच्या. कणसांना हात लावायच्या, परत यायच्या. सगळं गाव आनंदात होतं आणि एकटी चंद्रभागा गप्प गप्प.

चंद्रभागा म्हणजे सोपानरावांची बायको. वीसेक एकरांचं घर, खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं, फक्त पिण्यात जास्त. दुष्काळाआधीच्या सुगीत सोपानराव खळ्यावर इतके प्याले की त्यांना बैलगाडीत घालून कळंबला न्यावं लागलं. तोंडातनं रक्त आलं होतं. डॉक्टरांनी चंद्रभागेला बाजूला घेऊन सांगितलं, हा माणूस पुन्हा एक सुगी असा प्याला तर हाती लागणार नाही. ती मला म्हणाली होती, "बाई, लोकं पावसासाठी देव पाण्यात घालतेत. मला पीक बघून धडकी भरती." तीस-पस्तीस वर्षांची बाई, भरलेल्या शेताकडं पाठ करून बसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि नेमका तेव्हाच मुख्य कचेरीतून लिफाफा आला. योजनेची मुदत पाडव्याला संपते, आपली नेमणूक दुसरीकडे होईल, आपण गेल्यावर दारूबंदीचे कार्य कायमस्वरूपी कसे चालू राहील याचा आराखडा लिहून पाठवावा. मी आठ पानं लिहिली. समिती, उपसमिती, अध्यक्षा, उपाध्यक्षा, दरमहा बैठक, वार्षिक मेळावा. लिहिताना इतकं छान वाटत होतं! आज ती पानं आठवली की मला स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते. आठही पानांत सायकलवाला खळ्यावर आला तर त्या क्षणी वाटेत कोण उभं राहणार, याचं उत्तर नव्हतं.

ते उत्तर मला सुचलं, आणि तिथंच मी माती खाल्ली.

मला वाटलं, राखणीची पाळी लावावी. रोज एक घर. पाणंदीच्या तोंडाशी, जिथनं गावातनं खळ्यांकडं वाट जाते, तिथं त्या घरच्या बाईनं बसायचं. आणि पाळी कुणाची हे सगळ्यांना दिसावं म्हणून एक काठी फिरवायची. जिच्या दारात काठी, तिची राखण. मी सुताराकडनं छान शिसवी काठी करून घेतली, हौसेनं तिच्या टोकाला घुंगरं बांधली आणि बैठकीत ती वाजवून दाखवली. म्हटलं, पहिली पाळी गयाबाईची. काठी तिच्यापुढं धरली.

बौद्धवाड्यातल्या बाया एकदम उठल्या. पोरं कडेवर घेऊन निघाल्या. गयाबाई शेवटी उठली. म्हणाली, "बाई, असलीच काठी घेऊन आमचा सासरा साऱ्या गावाच्या दारांनी फिरला. घुंगरं वाजली की लोकं शिळं तुकडं घेऊन भाईर यायची. धरम घेतला त्या वरसाला त्यानं ती चुलीत घातली. तुमी पुन्ना करून आणली व्हय?"

आई गं! येसकराची, गावाची चाकरी करणाऱ्या महाराची काठी. मी याच मुलखात जन्मले, वाढले, लहानपणी ती घुंगरं कानांनी ऐकली. पण ती ऐकली आमच्या दाराच्या आतून. म्हणून मला नुसती घुंगरं आठवली. मी त्या बायकांच्या हातात पुन्हा गावकी द्यायला निघाले होते, आणि तीही सन्मान म्हणून. लाजेनं माझं तोंड उतरलं. पाच दिवस बैठक झाली नाही. सायकलवाला कुणाकडनं तरी हे ऐकून मनसोक्त हसला म्हणे. रानात काढणी सुरू झाली होती, पेंढ्यांचे ढीग खळ्यांवर येऊन पडायला लागले होते, आणि राखणीला कुणी नाही.

सहाव्या दिवशी ऊन कलल्यावर मी गयाबाईच्या घरी गेले. काठी आधीच माझ्या चुलीत घातली होती. अंगणात तिची म्हैस रवंथ करत बसलेली. दुष्काळात गावातली जवळजवळ सगळी दुभती जनावरं विकली गेली, मेली. गयाबाईनं मात्र ही म्हैस छावणीत नेऊन, स्वतः अर्धपोटी राहून जगवली होती, आणि आता ती व्याली होती. दोन वर्षांनी गावात दही दिसलं ते या घरात.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "माफी ऱ्हाऊ द्या. सोपान मालकाचं खळं चार दिसांवर आलंय. त्याचं काय करताव ते सांगा."

तेवढ्यात दारात चंद्रभागा. पदराखाली झाकलेली रिकामी वाटी. मी तिला बौद्धवाड्यात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर थांबली आणि म्हणाली, "गयाबाई, आमची गाय व्याली. विरजण हाय का?"

तोवर ती हिला 'गये' म्हणायची. मी काय ते समजले, गयाबाईही समजली. दुधाला विरजण मिळालं नाही तर लिंबू पिळता येतं, मिरचीचं देठ टाकता येतं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. चंद्रभागेच्या परड्यात लिंबाचं झाड होतं. तरी ती इथवर चालत आली होती, दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत.

गयाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग आत गेली, वाटीत चमचाभर दही घातलं आणि म्हणाली, "हाय की. पर माझंबी आता खरवडून दिलं. उद्या दिस बुडायच्या आत तुमी मला परत द्यायचं, न्हाय तर माझं दूध वाया जाईल."

"देती की."

"न्हाय दिलं तर तुमच्या दारात येऊन बोंबलंन."

"बोंबला," चंद्रभागा हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसताना पाहिली मी तिला. मग सहज म्हणाली, "त्या राखणीचंबी असंच करा की. वाटी जिच्या घरी, राखण तिची."

बस. एवढंच. माझी आठ पानं एका बाजूला आणि हे एवढंसं वाक्य एका बाजूला.

मी त्या वाटीचा पुढं खूप विचार केलाय. काठी दारात महिनाभर पडून राहिली तरी तिचं काही बिघडत नाही, म्हणून कुणाचंच काही बिघडत नाही. विरजण तसं राहत नाही. फाल्गुनातल्या उन्हात एका दिवसात आंबट ढाण होतं. ते आज पुढं दिलंच पाहिजे, आणि दिलं नाही तर पुढची बाई दूध तापवून वाट बघत बसलेली असते. ती अर्ज करत नाही, बैठक बोलवत नाही. ती सरळ दारात येते आणि तोंड सोडते. ज्यांच्याकडं दुभतं नव्हतं त्यांना पाळीच्या दिवशी शेजारीण पेलाभर दूध द्यायची. त्यामुळं गरिबाच्या पोरालाही पाळी कधी येते याची घाई. "आये, आपली राखण कवा?" असं विचारणारी पोरं मी तिथंच पाहिली. बौद्धवाड्यातनं निघालेली वाटी पाटलाच्या गल्लीत गेली, तिथनं कोष्ट्याकडं, तिथनं पुन्हा बौद्धवाड्यात. पहिल्या आठवड्यात दोन घरांनी नाकं मुरडली, दार लावून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात त्यातलं एक उघडलं. दुसरं शेवटपर्यंत उघडलं नाही, हेही सांगते.

सोपानरावांचं खळं उठायचं तो दिवस. रास धरायच्या दिवशी खळ्यावर मटण आणि दारू ही चालत आलेली रीत. पाळी होती गयाबाईची. सकाळीच माझ्याकडं येऊन म्हणाली, "आज तुमी यायचं न्हाय. तुमी पाडव्याला जाणार. तुमी नसताना कसं हुतंय ते आज बघू."

मी नाही गेले. पण घरात बसवेना. तांदूळ निवडायला घेतले, निवडलेलेच पुन्हा निवडले. शेवटी शिडी लावून माळवदावर चढले. आमच्याकडच्या घरांची ही सोय मोठी, मातीचं सपाट छप्पर, वरनं सगळं शिवार दिसतं. पाणंद दिसत होती, तिच्या तोंडाशी बाभळीखाली खुरपं घेऊन बसलेली गयाबाई, पलीकडं खळ्यावर पिवळी धमक रास. आणि फाट्याकडनं येणारी सायकल, मागं कडबा.

सायकल थांबली. बोलाचाली झाली. शब्द मला ऐकू येत नव्हते, ते मागाहून दहा जणींनी दहा तऱ्हेनं सांगितले. मी गयाबाईचं धरून चालते. सोपानराव खळ्यावरनं तरातरा आले. म्हणाले, "गये, ऊठ. माझ्या रानाची वाट हाय ही."

"वाट तुमचीच हाय मालक, जावा की. सायकल जाणार न्हाय."

त्यांनी हात उगारला. वरनं मला तो हात स्पष्ट दिसला. आता जर हा हात खाली आला तर नुसती दारूबंदी नाही, सगळंच संपलं. आणि तेवढ्यात खळ्याकडनं चंद्रभागा येताना दिसली, हातात सूप. मला वाटलं, ही आता नवऱ्याची बाजू घेणार. घरची इज्जत आहे, पाहुणेरावळे खळ्यावर बसलेत, आणि वाट अडवलीय कुणी तर मजूर बाईनं. क्षणभर मी डोळे मिटले.

उघडले तर चंद्रभागा गयाबाईशेजारी मातीत बसलेली होती. खांद्याला खांदा. नवऱ्याला म्हणाली, "आता मला तुडवून जावा आन् आना." मग उफणणीला आलेल्या बाया आल्या, आपापली सुपं घेऊन, एकेक करत. पाणंद भरली. गयाबाई उठली, सायकलीपाशी गेली, कडब्याची पेंढी बाजूला केली आणि खुरप्यानं ट्यूब उभी फाडली. धूळ भिजली. तो आंबूस वास मला माळवदावर आला, देवाशप्पथ!

सोपानराव त्या ओल्या मातीकडं बघत उभे राहिले. हात कधीच खाली आला होता. मग त्यांनी मान वर केली, बाभळीचा शेंडा हलताना बघितला आणि म्हणाले, "वारा सुटलाय. उठा, उफणायचं हाय."

बाया ज्या काय ओरडल्या! दोघींनी तिथंच पाणंदीत फुगडी धरली. सायकलवाला फाटकी ट्यूब घेऊन फाट्याकडं पायी निघाला. मी माळवदावर एकटीनंच टाळ्या पिटल्या, रडले, नाचलेसुद्धा. खालून गयाबाई ओरडली, "बाई, म्या सांगितलं व्हतं यायचं न्हाय म्हनून!" मी वरनं ओरडले, "मी आले कुठं? मी चढले!"

त्या वर्षी शिमगा कोरडा गेला. पाडव्याला मी निघाले. आराखड्याची आठ पानं पाठवलीच नाहीत. एका कागदावर लिहिलं, 'गावात विरजणाची वाटी फिरते आहे, कार्य चालू राहील.' साहेबांचं उत्तर आलं, 'खुलासा करावा.' काय खुलासा करणार, कपाळ!

पुढं माझी नेमणूक नळदुर्गला झाली. हमरस्त्याचं गाव, ट्रक, ढाबे. मी तिथं मोठ्या आत्मविश्वासानं वाटी फिरवली. तीन दिवसांत बंद पडली. तिथल्या बायकांचं जगणं वेगळं होतं, त्यांची वाटी त्यांनीच शोधायला हवी होती, आणि ती शोधायला त्यांना पुढं चार वर्षं लागली. ते आणखी वेगळं सांगणं. पण त्या चार वर्षांत मी माझ्या जुन्या गावाची चौकशी केली नाही. भीती वाटायची. कुणीतरी सांगेल, बंद पडलं हो बाई, सोपानराव गेले. ते ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं. अशी दहा-अकरा वर्षं गेली.

मग एका माघात धीर केला. आता फाट्यापर्यंत एस्टी जात होती. उतरले, पाणंदीला लागले. कापलेल्या धाटांचा तो कोरडा, गोडसर वास, दोन्हीकडं कडब्याच्या गंजी, दुपारची वेळ. बाभळ तोडलेली दिसली आणि मनात चर्र झालं. तिच्या खोडावर एक तरुण बाई बसली होती, शेजारी दुधाची किटली. मी पुढं जायला लागले तशी ती उठून आडवी आली.

"कुठं निघालाव? पिशवी दाखवा."

मी दाखवली. लुगडं, बांगड्या, चिवडा. तिनं बाटली बाहेर काढली. "ह्यात काय हाय?"

"पाणी आहे गं."

"वास घिऊ द्या." बूच काढून तिनं खरंच वास घेतला. पुन्हा घेतला. मग परत दिली. "जावा. राग मानू नका, सुगी हाय. आज डेअरीत पहिली किटली आमची लागली, म्हनून राखन आमची."

"विरजणाची वाटी फिरायची ना इथं?"

"कसलं विरजण? दूध समदं डेअरीला जातंय. किटल्यांचा नंबर लागतो, तशी पाळी."

काळजात जरासं दुखलं, खोटं कशाला बोलू. मग विचारलं, "ही राखण सुरू कुणी केली?"

"कुनी म्हंजे? आमच्या सासूबाईनं आन् गयाआत्यानं." सोपानरावांची सून ती. गयाबाईला आत्या म्हणत होती. पलीकडच्या खळ्यावर एक म्हातारा बैलांवर खेकसत होता, तिकडं बोट करून म्हणाली, "आमचं मामंजी हायेत तिथं. इश्वास नसंल तर त्यास्नी इचारा."

मी त्या आवाजाकडं बघत राहिले. डोळे भरून आले, पण तिला दिसू दिले नाहीत. तरी मन कुठं गप्प बसतंय. विचारलंच, "आणि बाहेरचं कुणी नव्हतं मदतीला?"

तिनं मनापासून आठवून पाहिलं. मान हलवली. "न्हाय बा. हितं भाईरचं कोन येतंय?"

"खरंय," मी म्हटलं, आणि हसत हसत खळ्याकडं पळतच सुटले.